मालकाचं नाव

शुक्रवारी बाजारात घेतला. सातशे सांगितले, साडेचारशेला दिला.
यासीनभाई म्हणाला, बेन, आधी फोटो बघा, मग पैसे,
आणि माझाच काढला, डोळे मिटलेला.
केबल आहे. सीडी नाही.
सीडी कोण ठेवतं?

फोन आहे माझ्याकडे. पण फोन सगळ्यांना गोरं करतो,
न विचारता.
मला माझा रंग हवा होता,
आत्या ज्याला तव्याच्या पाठीचा म्हणायची तो.
या कॅमेऱ्यात तो आला, मिटल्या डोळ्यांसकट.

घरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं
तर प्रत्येक फोटोच्या पोटात
तारीख, वेळ, फ्लॅश बंद, आणि खाली एक ओळ :
मालक – बिपिन श्रॉफ.
माझ्या गॅलरीतल्या कोरफडीचा मालक बिपिन श्रॉफ.
वाळत घातलेल्या परकराचाही.
तारीख कॅमेऱ्यावर बदलता येते, बदलली.
नाव बदलायला कंपनीचं सॉफ्टवेअरच लागतं.

रात्री एक ते अडीच.
वायर लावली की लॅपटॉप टिंग करायचा
आणि मग म्हणायचा, ओळखलं नाही.
दुसऱ्या भोकात लावली. टिंग. ओळखलं नाही.
कंपनीने हे मॉडेल केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं.
कुठूनतरी सुधारित आवृत्ती मिळाली,
ती उतरली, उघडली, आणि अडून बसली :
आधी जुनी आवृत्ती हवी.
म्हणजे मोठी जाऊ पाटावर बसल्याशिवाय
धाकटी पान वाढून घेणार नाही.

दांडिया बाजारात कनुभाई परीखांचं दुकान.
पूर्वी रोल धुवायचे, आता पासपोर्ट आणि झेरॉक्स.
त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर,
बिलं छापण्यापुरता जिवंत ठेवलेला,
सुरू व्हायला एक चहा लागतो.
ध्रुमिलने वायर लावली, ड्रायव्हर मागितला त्याने.
आम्ही तिघं त्या चौकटीकडे बघत उभे.
मग कनुभाई बघतात खिडकीकडे.

खिडकीत सीड्यांची माळ. कबुतरं येऊ नयेत म्हणून.
लग्नाच्या, भजनांच्या, एक बालवाडीच्या स्नेहसंमेलनाची,
आणि खालून दुसरी, उन्हाने फिकुटलेली,
तिच्यावर कंपनीचं नाव अर्धं उरलेलं.
दोरा दाताने तोडला त्यांनी.
रुमालाने पुसली, मग टूथपेस्टने,
मधून बाहेर, मधून बाहेर, गोल नाही फिरवायचं, म्हणाले,
जन्मभर काच पुसलेला माणूस.

पहिल्यांदा एकतीस टक्क्यांवर थांबली.
दुसऱ्यांदा त्र्याण्णववर, आणि तिथेच घुरघुरत राहिली
एवढा वेळ की एक गिऱ्हाईक आधारकार्डाच्या चार प्रती घेऊन गेलं.
तिसऱ्यांदा कुणी बघितलंच नाही तिच्याकडे.
तेव्हा झाली.

कॅमेरा ओळखला. खिडकी उघडली. मालक.
बिपिन श्रॉफ खोडताना बोट जरा अडखळलं,
कोण होता, आहे का, कोरफड तरी होती का त्याच्याकडे.
मग मी टाइप केलं हेमांगी, आपल्या लिपीत,
आणि ओके म्हटलं.

???????

ध्रुमिल म्हणाला, अंग्रेजीमां लखो ने, बेन.
पण मी मोजत होते.
नाव तीन अक्षरी. प्रश्नचिन्हं सात.
ह. मात्रा. म. काना. अनुस्वार. ग. वेलांटी.
आजवर कुणी एवढं सुटं करून विचारलं नव्हतं मला,
शाळेत नाही, बँकेत नाही,
सासरी तर नावच बदलणार होते.
अनुस्वारालासुद्धा त्याचा स्वतःचा प्रश्न.
राहू दे, म्हटलं.

वीस रुपये द्यायला लागले तर घेतले नाहीत.
कनुभाई सीडी पुन्हा ओवायला दोरा शोधत होते.
तेवढ्यात दोन कबुतरं आत येऊन
झेरॉक्सच्या ट्रेवर बसली, कोऱ्या कागदांवर.
काढला फोटो. लगेच उघडून पाहिलं.
मालक – सात प्रश्नचिन्हं.
बरोबरच आहे.
कुणाची होती ती?