कानातला खडा

त्र्यंबकच्या रस्त्याने पहाटे टेम्पो आला.
पेटीत मावला नव्हता तो,
ताडपत्रीत गुंडाळलेला, वर बर्फाचा भुगा,
शेपटी बाहेर, तिच्यावर जव्हारच्या वळणांची धूळ.
सातपाटीहून हरेश्वर फोनवर एवढंच बोललेला,
"हेकरू आहे. एकच आहे. पण बघच तू."

आमचा काटा पापलेटापुरता.
पलीकडच्या भंगारवाल्याचा आणला.
अठ्ठ्याण्णव किलो.
गंगेवर दहाव्याला आलेली माणसं
नाकाला रुमाल लावून पुलावरून वाकली.
एकाने आपलं पोर त्याच्या तोंडाशी उभं करून फोटो काढला.
पोर रडलं. तोंडात मावलं असतं ते.

बाप गेल्यापासून कोयता माझ्याकडे.
खवले बारीक निघाले, एवढ्या अंगाला फारच बारीक.
अकरापर्यंत संपला.
डोकं उरलं, ते तडवींनी नेलं,
कॉलेजात तीस वर्षं बेडकांच्या बरण्या पुसलेला माणूस.

संध्याकाळी आले, मूठ झाकलेली.
"कानातले खडे. एक घासून पातळ केलाय, बघ.
झाडासारखी वर्षं असतात यात."
भिंगाखाली मोजत गेलो,
पस्तिसाला चुकलो, परत पहिल्यापासून.
एकेचाळीस.
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

"आणि जन्मला तेव्हा मादी होता हा.
यांच्यात सगळेच मादी जन्मतात. जगून जगून एखादा नर होतो.
एका खडकाला असा एखादाच. तो काढला की—"
बिस्कीट तुटून चहात पडलं.
ते चमच्याने शोधत राहिले.

रात्री हरेश्वरला सांगितलं,
माणसाच्या कमरेवर जाईल असा मला पाठवू नकोस.
"नाशकाला नाही तर वाशीला जाईल," तो हसला.
खरंच होतं. मी काय बोलणार.
फोन मात्र त्याने ठेवला नाही.
"त्या खडकावर पुनवेला पाणी घुमायचं.
आजा म्हणायचा, दर्या घोरतोय, जाळं टाकू नका.
परवा इंजिन बंद करून थांबलो तिथे.
काहीच नाही रे."

दुसरा खडा माझ्या गल्ल्यात असतो, चिल्लरीत.
घाईत कधी गिऱ्हाइकाच्या तळव्यावर जातो.
"अहो, तो नाही," म्हणतो,
आणि परत मागून घेतो.