गळ

सेंट्रिफ्यूज थांबलं की नुसता पंखा उरतो
आमच्या ग्रामीण रुग्णालयात.
नळी उजेडात धरते :
खाली रक्त बसलेलं, वर पाणी,
कुणाचं पेजेसारखं गढूळ,
कुणाचं जवसाच्या तेलासारखं पिवळं, नितळ.

हिरामणचं नितळ होतं.
भाऊ माझा. काटकुळा. चाळिशी अजून लांब.
रात्रभर तलावात जाळं, सकाळी लाखांदूरचा बाजार.
"मले कायचा कोलेस्ट्रॉल वं?
तेल तं तुही वहिनी थेंबानं मोजते."

खरंच, कोलेस्ट्रॉल बेताचंच निघालं.
तरी एक नळी बर्फात घालून
सहाच्या एसटीनं नागपूरला धाडली.

कागद आला तेव्हा मला पुस्तक आठवेना.
म्हटलं, चरबी काही रक्तात पोहत नाही रे,
तिला डोंगा लागतो.
दर डोंग्यावर प्रथिनाचा एकच डोंगेवाला.
माल किती ते मागून बघ,
आधी डोंगेवाले मोज.
काठात घुसतात ते डोंगे.

"आन् माहे किती?"

थोडे जास्त. पण ते नव्हे.
तुझ्या कित्येक डोंग्यांच्या मागं
एक गळ लोंबतोय.
वळणावर अडकतो,
पाटात गाळ धरतो ना, तिथंच.

"कोणं बांधला?"

बाबा सत्तेचाळीसचे.
बोडीत शिंगाडे काढताना
कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, हात छातीवर,
आणि वेलांवरच वाकले.
कुणी म्हणालं पाणसाप.
कुणी म्हणालं साती आसरा.
आईनं कोंबडा दिला,
हिरव्या बांगड्या पाण्यात सोडल्या.
कागदावर नुसतं एकशे बारा, शेजारी एक चांदणी.

पथ्यानं हा गळ सुटत नाही, तेही सांगितलं.
बिडी टाक म्हटलं. डॉक्टर गोळी देतील,
बाकीचे डोंगे तरी कमी होतील.
तो नखातला चिखल काढत राहिला.
बराच वेळ.
मग म्हणाला,
"पोट्टीचंबी पाह्य. थे बापावर गेली."

आज चेतना आली, शाळा बुडवून,
बाकावर पाय हलवत.
दंडाला रबर बांधलं. शीर बारीक,
बोटाखाली येते, सटकते.
मी नळीवर वलथरे लिहिलं,
माझंही माहेरचं तेच.

सुईकडे टक लावून तिनं विचारलं,
"आत्या, तुहं काढलं का?"

मी म्हटलं,
मूठ आवळ.