सरस

राजारामपुरीच्या तिसऱ्या गल्लीत
उपाध्येकाकांच्या मेडिकलमध्ये मी अकरा वर्षं.
कोलॅजेनचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर,
हात पोचत नाही, स्टूल घेते.
एका डब्याला अठराशे पन्नास.
निवृत्त मुख्याध्यापिका नेतात गुडघ्यांसाठी,
लग्न ठरलेली मुलगी गालांसाठी,
परवा एकजण नुसतंच विचारून गेली,
"जिना चढताना हाडं वाजतात, त्याला चालेल?"
चालेल, म्हणाले.
मला कुठं ठाऊक.

डब्यावर समुद्र आहे, पहाट आहे,
पांढऱ्या कपड्यातली एक बाई धावते आहे.
खाली, बारकोडाशेजारी, तिळाएवढा
तपकिरी त्रिकोण.
काकांना तो दिसतो.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
बिलाच्या कागदानं डबा पुढं सरकवतो
आणि म्हणतो, बोला, अजून काय?

आईची बोटं आता मिटत नाहीत.
सुभाषनगरात चाळीस वर्षं वेण्या घातल्या तिनं
कातड्याच्या, सुतासारख्या बारीक,
कुणाकुणाच्या पायावर मिरवणाऱ्या.
डॉक्टर म्हणाले, झीज आहे.
ती हसली.
झीज तिला टाचेकडनं ठाऊक होती,
चपलेच्या.

बोनस झाला त्या आठवड्यात
दहा टक्के सूट घेऊन एक डबा घरी आणला.
तिनं झाकण उघडून नाकाशी नेलं.
व्हॅनिला.
मग चिमूटभर जिभेवर ठेवून बराच वेळ गप्प.
"कशाचं म्हणायचं हे?"
कातड्याचं, मी म्हणाले. हाडांचं.
उकळतात, गाळतात, वाळवतात.
"म्हंजे सरस."

सरस.
आबा छाटणीचा एक तुकडा टाकून देत नसत.
चुन्यातनं काढायचे, धुवायचे, परड्यातल्या काहिलीत
दिवसभर मंद जाळावर.
वारा फिरला की वरच्या आळीच्या खिडक्या
एकामागून एक लागत जायच्या.
मी तो वास केसांत घेऊन शाळेत जायची,
बाकावर माझ्या शेजारी माझंच दप्तर बसायचं.
सुतार मात्र उजाडायच्या आत दारात.
त्या सरसानं सांधलेल्या खुर्च्या, पाळणे, देव्हारे
असतील अजून
त्याच खिडक्यांच्या आत.

आईनं पातेलं ठेवलं. पाणी, दोन चमचे पावडर.
कोमट झाल्यावर आबांसारखी दोन बोटं बुडवली,
जुळवली, उघडली,
उघडतात तेवढी.
तार आली नाही.
"चिकटत न्हाई गं. ह्यातला जोर काढून घेतलाय कुणीतरी.
बोटाला धरंना, त्ये हाडाला काय धरणार?"
मी डब्यावरचं वाचून दाखवलं :
पचावं म्हणून बारीक तुकडे केलेत त्याचे,
आत गेल्यावर गुडघ्यात जायचं, बोटात जायचं
की कुठंच नाही,
हे मात्र लिहिलं नव्हतं.
"बिनपत्त्याचं पाकीट," ती म्हणाली.

तरी प्यायली.
किंमत ऐकल्यावर पातेलं विसळून तेही प्यायली.
दीड महिना रोज सकाळी विचारायची मी, काही फरक?
खिडकीच्या उजेडात बोटं धरून बघायची ती,
जशी जोडी गिऱ्हाइकाला देण्याआधी बघायची.
"गोड लागतंय."
एवढंच.

काल डबा संपला.
आज दुकानात निघताना मागून हाक आली :
"येताना बकऱ्याचे चार पाय आण. भाजून, साफ करून आण म्हणावं.
मिरी हाय घरात.
रातभर ठेवतो चुलीवर."
मी म्हटलं, आई, फ्लॅट आहे हा, वास सुटेल जिन्यातून.
आई आधीच मोठं पातेलं शोधायला
ओट्याखाली वाकली होती,
गुडघे वाजले ते मलाही ऐकू आले.
"सुटू दे की."