पाचपैकी अडीच

मार्चचा पहिला मंगळवार, कुओपिओ.
खिडकीबाहेर सरोवर अजून पांढरं.
आत दूध संघाचे आठ संचालक, आठ कप कॉफी,
आणि माझ्या वाट्याला वीस मिनिटं.

ही माणसं एकदा पोळलेली आहेत.
भुकटीचा एक कारखाना काढला होता, तो बुडाला.
तेव्हापासून ताकच काय,
साधं पाणीही फुंकून पितात.

पहिल्या पानावर मी हिरवी वर्तुळं आणली होती.
मधोमध आकडा : पाचपैकी अडीच.
खाली एक जड शब्द, परिपक्वता.

सिनिक्काबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"आमचं चीज आठ महिन्यांत पिकतं.
तुमचं खातं चार वर्षं पिकतंय."
कुणीतरी हसलं. मीही हसले, उशिरा.
"आणि मागच्या वर्षी मागितलेत तेवढे दिले,
काहीच झालं नाही. मग यंदा कशाला?"

काहीच झालं नाही.
हे तीन शब्द कमवायला
ओनीनं किती रात्री जागून काढल्या
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मी पानं मिटली.
म्हटलं, बाई, चीज एकदा पिकलं की पिकलं.
आमचं पिकलेलं रोज थोडं कच्चं होतं.
एक माणूस सोडून जातो, एक नवं यंत्र येतं,
एक किल्ली कुणाच्यातरी खिशात राहते.

मग त्या रात्रीचं सांगितलं, जे अहवालात
'किरकोळ घटना' म्हणून दीड ओळीत होतं.
पावणेदोनला धोक्याची घंटा वाजली.
ओनीनं यादीतला पहिला नंबर लावला.
फोन उचलला निवृत्त झालेल्या वेइक्कोनं,
स्पेनमधून, झोपेत.
दुसरा नंबर कुणाचाच नव्हता.
टँकर फाटकापाशी उभे, पडदे काळे,
आणि गोठ्यांत गाई. गाई थांबत नाहीत.
गाईला सांगता येत नाही, पासवर्ड बदलतोय.
चार तास चाळीस मिनिटं.

गेल्या गुरुवारी तेच सोंग पुन्हा रचलं,
ओनीला न सांगता.
अडतीस मिनिटं.

अडीच म्हणजे एवढंच.

खोली गप्प झाली. कॉफी निवत होती.
शेवटी अध्यक्ष ह्यूवारिनेन बोलले, सत्तरी उलटलेले,
बोटं अजून दूध काढणाऱ्याची.
"मला एक सांगा. सुरक्षित आहोत की नाही?"

हो म्हटलं असतं तर बैठक तिथेच संपली असती.
जीभ हो पर्यंत गेलीही होती.

"तुम्ही बर्फावरून ट्रॅक्टर नेता ना?" मी विचारलं.
"नेतो."
"बर्फ सुरक्षित आहे का?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरोवराकडे.
"कुठला? आणि कधीचा?
मी गिरमिट घेऊन जातो. दर पन्नास पावलांवर भोक पाडतो.
सामुद्रधुनीपाशी खाली प्रवाह आहे,
तिथे जानेवारीतही भरवसा नाही.
माझ्या भावाचा घोडा तिथेच..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
टेबलावरच्या सगळ्यांना ते ठाऊक असावं.

"आमची सामुद्रधुनी ईसाल्मीच्या जुन्या प्लांटमध्ये आहे," मी म्हटलं.
"तिथली यंत्रं माझ्या आधी जन्मली.
तिथे काय चाललंय मला दिसत नाही.
तिथे मी हिरवं वर्तुळ काढलं होतं.
ते काढायला नको होतं."

सिनिक्काबाईंनी चष्मा परत नाकावर घेतला.

मागितलं त्याच्या निम्मं मंजूर झालं.
इतिवृत्तात लिहिलं : चर्चा झाली, नोंद घेतली.
कोट चढवताना ह्यूवारिनेन म्हणाले,
"पातळ जागी आम्ही स्प्रूसची फांदी रोवतो.
पुढच्या खेपेला वर्तुळं नकोत.
फांद्या दाखवा."

रात्री स्वयंपाकघरात कोरा कागद घेऊन बसले.
ईसाल्मीपाशी पहिली फांदी काढली, वाकडीच आली.
आठवत गेले तशा अजून सहा.

पावणेदोनला ओनीचा मेसेज :
सगळं शांत. भोकं पाडतोय.

त्याला हे कुणी सांगितलं, कोण जाणे.