चार हजारावर

खोली क्रमांक एकोणीस, कान-नाक-घसा, तळमजला.
भिंतींना गादीसारखं अस्तर, दार फ्रिजसारखं जड.
बाहेर परळ आहे हे इथे पटत नाही.

धाकू गोलतकर, वय सदुसष्ट.
दारूखान्यात छत्तीस वर्षं
मेलेल्या जहाजांच्या अंगावरून रिव्हेट उडवत होते.
कानात तेव्हा काय घालायचात, विचारलं
तर हसले. "बोटां. पण दोनय हात कामात."

मी प्लास्टरचा कान उघडून दाखवते.
ही गल्ली, हा पडदा, मागे तीन हाडं,
तिन्ही मिळून तुरीच्या डाळीवर मावतील:
हातोडी, ऐरण, रिकीब.
चष्मा वर सारून ते वाकतात.
"ही तर माझीच हत्यारां."

हो काका, आणि ती शाबूत आहेत.
झिजलंय ते आतलं, या शंखाच्या वळणात,
जिथे केसाहून बारीक केस
आवाजासरशी लवतात, उठतात.
चिरके आवाज दारातच उतरतात,
जाडे आत खोलवर जातात,
म्हणून दारातलं गवत आधी तुडवलं गेलं.

परत उगवत नाही?
कोंबडीचं उगवतं.
आपलं नाही.

हेडफोन. बटण. ऐकू आलं की दाबा.
अडीचशे, पाचशे, हजार: दाबतात.
तीन हजार, जरा थांबून.
चार हजारावर रेघ
धक्क्यावरून थेट पाण्यात,
लाल गोळ्यामागोमाग निळी फुली.

मग मी काहीच वाजवत नाही
आणि ते बटण दाबतात.
पुन्हा दाबतात.
काचेतून मी हातानेच नाही म्हणते.
"वाजला मां!" ओठांवरून कळतं.
यार्ड सुटून अकरा वर्षं झाली,
आत अजून दुसरी पाळी चालू आहे.

फॉर्मवर 'कारण' असा बोटभर रकाना.
'कामाचा आवाज' लिहिते.
जहाजांची नावं मावणार नाहीत.

बरोबर कोण आलंय?
बाकावरची बाई उठते. सुशीला.
स आणि श, दोन्ही त्या धक्क्यापलीकडचे.
किती वर्षं यांच्या कानी ती नुसती 'उईला' असेल,
हे मी सांगत नाही.

"हाक कळना नाय," तीच सांगते,
"मगे मी दिवो दोनदा मालवतंय, पेटवतंय.
च्या झाली म्हणान."

आणि भांडण?

"तेका लाईट लागणा नाय."