शेरा

आमच्या चोडणच्या मानशीला पाच फळ्या.
तिसरी किड्यानं पोखरलेली, तिच्यातून खाडी
रात्रभर आत येते, घरच्या मांजरासारखी.
राखणीला इनास कुलास.
सत्तावीस वर्षं बोटीवर कुक होता. आता कूळसंघ
भरती-ओहोटी सांभाळायचे साडेतीन हजार देतो,
तेही दोन हप्त्यांत.
मी संघाचा कारकून. वही माझ्याकडे.

अमावास्या. उधाण. पाणी खुणेच्या वर चार बोटं.
पुढे एक रकाना असतो, शेरा.
तिथे मी आडवी रेघ मारतो.

पण इनास बोलत सुटतो.
जिबुतीच्या धक्क्यावर त्याची बोट एकदा
अठरा दिवस पडून होती.
दोन वर्षं पावसाचं नाव नव्हतं. बकऱ्या पुठ्ठे चघळत.
एक बाई रोज यायची, खुणेनंच मागायची
बटाटे धुतलेलं पाणी.
यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून दिला.
मग एका रात्री, शहरावर थेंब नाही,
पाऊस लांब डोंगरात पडला
आणि कोरडी नदी, जिच्यातून ट्रक जायचे,
जिच्यात बाजार भरायचा,
ती उठून चालत आली
घराघरांत.

"चार दिवसांनी बाई आली रे.
डबा परत द्यायला. घासून, धुऊन.
कसल्या पाण्यानं धुतला, सायब जाणे."

मी म्हटलं, आपल्याकडे सव्वाशे इंच पडतो, बाबा.
तो हसला नाही.

मे महिन्यात फेरीबोटीवरून टँकर येतो,
पाणी कापत, पाणी घेऊन.
आमच्या विहिरीच्या पाण्यात चहा नासतो.
प्रफुल्ला पोदेराच्या भोंप्याआधी उठून हंडे लावते,
आणि श्रावणात त्याच हंड्यांनी
स्वयंपाकघर उपसते.
गेल्या खेपेला बांध फुटला तेव्हा
बियाणं माळ्यावर होतं म्हणून वाचलं.
जमीन मात्र अशी खारावली
की कोरगुटानंसुद्धा मान टाकली.
अर्ज केलाय. फळीसाठी वेगळा.

काल पुनवेचं पाणी नऊ बोटं वर.
इनासनं तिसऱ्या फळीला चिखल लिंपला,
भाताचं तूस, चिंध्या,
शेवटी बोटीवरचा जुना एप्रनही कोंबला.
मी कंदील धरून उभा.
मग वही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात जागा कमीच असते.
लिहिलं: डबा परत मिळाला.

साहेब विचारतील, कुठला डबा.
विचारू देत.