डेडस्टॉक रजिस्टर, पान एकोणतीस

प्लॅटिनमची तार, एक नग.
वजन शून्य पूर्णांक आठशे बेचाळीस ग्रॅम.
दर मार्चात मी ती तोलतो,
आकड्याखाली तोच आकडा लिहितो.
प्राचार्य सही करतात, न बघता.

माझी माय वडशाच्या सोनारांच्या नालीतला गाळ विकत घ्यायची,
वैनगंगेत परात फिरवत बसायची दिवसभर.
तिला एकदा दाखवली ही तार, चोरून.
दाताखाली धरून म्हणाली,
"पांढरं हाय, पन खोटं नाही."
दुसऱ्या दिवशी तीनदा धुतली. वजन तेवढंच.

यंदा कुमरे मॅडमना मोहाची पाहिजे होती,
पहिल्या धारेची.
काकीकडून आणली सलाइनच्या बाटलीत.
मॅडमनी हुंगली, नाक मुरडलं नाही,
आम्लाच्या पाण्यात थेंब मोजून सोडली.
"पिणाऱ्याचं यकृत जे करतं
ते ही तार करते," म्हणाल्या.
"फक्त नालीत पडत नाही."

तार ज्वाळेत लाल केली, निववली, बुडवली.
काटा मिलिव्होल्टनं चढवत नेला.
बराच वेळ काहीच नाही.
मग कागदावर रेघ उठली,
आणि हिरव्या जांबासारखा एक वास,
त्याच्यामागून शिरक्याचा.

चौथ्या फेरीला रेघ बसली.
अर्धवट जळलेलं चिकटलं, मॅडम म्हणाल्या.
पुरतं जळतं तर बुडबुडा होऊन गेलं असतं.
हेच ते, बंद खोलीत शेगडीपाशी निजलेल्यांच्या
रक्तात धरून बसतं.
मला वीटभट्टीवरची ती खोली आठवली,
चार चपला दारात. मी बीकर पुसत राहिलो.

"आणखी वर न्या."
नेला. आणखी.
शेवटी पाण्यातलाच ऑक्सिजन तिथं येऊन टेकला
आणि अडलेलं सगळं
एका टोकदार उसळीत सुटलं.
पण त्याच्याही वर गेलो तर
तारेवरच साय धरली, ती काही घेईना,
रेघ पार तळाला.

मी काटा मागे फिरवला.
वाटलं, आता उतरणीला काय उरलंय.
तर उतरताना, निम्म्या वाटेवर,
रेघ पुन्हा उठली.
मॅडमना ते ठाऊक होतं. त्या चहा पीत होत्या.

तार धुतली, तोलली. आठशे बेचाळीस.
संध्याकाळी बाटली परत द्यायला गेलो.
काकी चुलीतलं लाकूड मागे ओढत होती.
"कशी लागली तुह्या मॅडमले?"
"जळली," मी म्हणालो.
"मंग चांगलीच व्हती," काकी म्हणाली.